स्लाइम हाताला चिकटतंय? टाकणखाराचं पाणी आधी बाजूला ठेवा

मे महिन्यात सोसायटीतल्या मुलांचा छंदवर्ग घेते. त्यात स्लाइमचा, म्हणजे गोंदापासून केलेल्या ताणायच्या गोळ्याचा, दिवस झाला की संध्याकाळी फोन सुरू होतात. "काकू, तुमच्याकडे छान झालं होतं, घरी केलं तर नुसता चिकचिकाट!" तक्रार दर वेळी तीच आणि फोन करणाऱ्याने तोवर करून पाहिलेला उपायही तोच: टाकणखाराचं, म्हणजे बोरॅक्सचं, आणखी पाणी ओतलेलं असतं. निम्म्याहून जास्त वेळा ते ओतायची गरजच नसते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. फुकटातले उपाय आधी, दुकानात पाठवणारे नंतर आणि डॉक्टर-प्लंबर सगळ्यांत शेवटी, असा क्रम आहे. तो मोडू नका.

माझं माप असं. हस्तकलेच्या पांढऱ्या गोंदाची १०० ग्रॅमची एक बाटली, फेव्हिकॉल एमआर किंवा तशाच जातीचा दुसरा. तीच बाटली भरून पाणी. बाटलीत पाणी घालून खळखळून हलवलं की तळाला राहिलेला गोंदही कामी येतो. दुसऱ्या भांड्यात २५० मिलिलिटर कोमट पाण्यात सपाट एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, टाकणखार पूर्ण विरघळवायचा. मग गोंदात हे पाणी एकेक चमचा घालत ढवळत राहायचं. पाव वाटी ते अर्धी वाटी एवढंच लागतं. अख्खी वाटी संपली असेल तर गडबड दुसरीकडे आहे.

लक्षणं

बिघाड कुठला ते आधी ठरवा, कारण "बिघडलं" या एका शब्दात पाच वेगवेगळ्या गोष्टी बसतात.

- बोटांच्या फटींत, नखांत चिकटतं. तार निघते, पण गोळा होत नाही.
- भांड्यात गुठळ्या आणि त्यांच्याभोवती गढूळ पाणी.
- गोळा झालाय, पण ताणला की तटकन तुटतो. दाबला तर घट्ट, रबरी.
- काहीच होत नाही. पातळ गोंद पातळच राहतो.
- पहिल्या दिवशी उत्तम, पण चार दिवसांनी पाघळतं किंवा सुकून कडक होतं.

झटक्याने ओढल्यावर तुटतं ही मात्र तक्रार नाही. हळू ओढलं तर लांबतं, हिसका दिला तर तुटतं, हा या पदार्थाचा स्वभावच आहे. मुलांना आधी हळू ओढायला सांगा. काही फोन इथेच मिटतात.

थोडं कारणही सांगते, म्हणजे पुढचे उपाय ध्यानात राहतील. पांढऱ्या गोंदात पॉलिव्हायनिलच्या लांबच लांब साखळ्या पाण्यात मोकळ्या तरंगत असतात. टाकणखार विरघळला की त्यातला बोरेट या साखळ्यांना एकमेकींशी जोडतो. हे सांधे पक्के नसतात, सुटतात आणि पुन्हा जुळतात. हळू ओढल्यावर त्यांना सुटून जुळायला वेळ मिळतो, झटक्यात मिळत नाही. सांधे कमी पडले तर चिकट, फार झाले तर रबर. दुकानातल्या ताणायच्या पुट्टीतही बोरेटमधला बोरॉनच असतो, फक्त तिथे गोंदाऐवजी सिलिकॉनचं तेल. १९४३ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जेम्स राइट रबराला पर्याय शोधत होते, तेव्हा बोरिक ॲसिड आणि सिलिकॉन तेलातून ती निघाली. युद्धकामाला उपयोग झाला नाही, पण १९५० पासून प्लॅस्टिकच्या अंड्यात भरून खेळणं म्हणून भरपूर खपली. मॅटेल कंपनीने १९७६ साली डब्यातलं हिरवं स्लाइम काढलं, ते तर गवारीच्या बियांपासून काढलेल्या गवार गमचं. तिथेही सांधे जोडायला बोरॅक्सच होता.

पहिला उपाय: मळा आणि थांबा

खर्च शून्य. चिकट लगदा झाला की पाच मिनिटं हाताने मळा. खरोखर घड्याळ लावून पाच, कारण मुलांची पाच मिनिटं दीड मिनिटात संपतात. टाकणखाराचं पाणी आधी बाहेरच्या थरालाच लागतं. वरचा थर घट्ट होतो आणि आत कच्चा गोंद अडकून राहतो. हाताला चिकटतो तो हा आतला गोंद. मळलं की तो बाहेरच्या पाण्याला भेटतो. मग पोळ्यांची कणीक ठेवतो तसं झाकून दहा मिनिटं ठेवा आणि पुन्हा मळा. फोनवर मी एवढंच सांगते आणि "थोड्या वेळाने परत फोन करा" म्हणते. बहुतेक जण परत करत नाहीत.

गुठळ्या आणि गढूळ पाणी असेल तरी उपाय हाच. पाणी एकदम ओतल्यामुळे तसं होतं. उरलेलं पाणी काढून टाका आणि गुठळ्या एकत्र करून मळत राहा. बऱ्याचदा त्या एकजीव होतात.

मळून, थांबून, पुन्हा मळूनही तार सुटत राहिली तरच टाकणखाराचं पाणी, तेही एक चमचा. नंतर पुन्हा मळणं. दुसरा चमचा त्यानंतर. हाताला चिकटू नये म्हणून तळहात त्या पाण्यात बुडवण्याची टूम व्हिडिओंत दिसते, ती मला पसंत नाही. का ते पुढे सांगते.

दुसरा उपाय: हवा बघा

एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघडं ठेवलेलं स्लाइम संध्याकाळपर्यंत कडेने वाळतं. जुलैत उलट, दमट हवेत पृष्ठभाग ओलसर राहतो आणि कालपर्यंत ठीक असलेला गोळा चिकटायला लागतो. भर उन्हात गच्चीवर खेळायला नेलेलं स्लाइम पाघळतं, कारण उष्णतेने ते सांधे सैल पडतात. अशा वेळी त्यात काहीही घालू नका. हवाबंद डब्यात अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग बघा. उन्हात पाघळलेल्यात टाकणखाराचं पाणी घातलं, तर गार झाल्यावर त्याचं रबर होतं.

पाण्यालाही उगीच दोष देतात. खडकवासल्याचं असो की टँकरचं, मला त्याने कधी फार फरक पडलेला दिसला नाही. शंका असेल तर फिल्टरचं वापरा आणि पुढे चला.

तिसरा उपाय: ताटलीची चाचणी

"काहीच होत नाही" हे लक्षण असेल तर थेट इथे या. ताटलीत चमचाभर गोंद घ्या, त्यावर टाकणखाराच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि काडीने फिरवा. काही सेकंदांत गोंद आवळून काडीभोवती गोळा झाला तर दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, चूक मापात आहे. झाला नाही तर दोघांपैकी एक वस्तू भलतीच आहे. शेजारच्या घरातलं जमलं असेल तर त्यांचा चमचाभर गोंद आणा आणि आपलं पाणी त्यावर टाका, मग उलट करून बघा. गुन्हेगार लगेच सापडतो आणि अख्खी बाटली वाया जात नाही.

चौथा उपाय: गोंदाची बाटली वाचा

गोंदाची कांडी चालत नाही, झटपट चिकटवणारा गोंद तर मुलांच्या हातीच देऊ नका. टपालाच्या पाकिटांना लावायचा पिवळसर गोंद बऱ्याचदा स्टार्चपासून केलेला असतो, त्याचं नीट जमत नाही. सुताराचा दाट फेव्हिकॉल चालतो, पण त्यात पाणी जास्त घालावं लागतं आणि बेताने मिसळावं लागतं. पारदर्शक गोंदावर पीव्हीए (त्याच पॉलिव्हायनिलचं लघुरूप) लिहिलेलं असेल तरच घ्या. त्याचं स्लाइम सुरुवातीला बुडबुड्यांनी धुरकट दिसतं, ते दोन-तीन दिवस डब्यात ठेवलं की निवळतं, बिघाड नव्हे. बाटली जुनी असून गोंदाच्या गुठळ्या पडत असतील तर नवीन घ्या. अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

पाचवा उपाय: पुडीत खरंच टाकणखार आहे का?

इथे खरी गंमत आहे. सगळ्यांत जास्त वेळ मी याच प्रश्नावर घालवलाय.

मंडई-तुळशीबागेच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानांत टाकणखार मिळतो, जुने लोक सवागी म्हणतात. पण पुडीवर नाव नसतं आणि घरी डब्यात आणखी दोन पांढऱ्या पुड्या असतात. तुरटी आणि टाकणखार यांचे खडे सहज फसवतात. चव घेऊन ओळखायला जाऊ नका. कागदावर ओली हळद पुसा आणि त्यावर तुमच्या पाण्याचा थेंब टाका. टाकणखाराने हळद तांबूस होते, तुरटीने पिवळीच राहते. मुलांना हा भाग स्लाइमपेक्षा जास्त आवडतो, असा अनुभव आहे. मात्र धुण्याच्या सोड्यानेही हळद तांबडी होते. हळदीने फक्त तुरटी बाद होते. शेवटचा निकाल ताटलीतल्या गोंदाचाच.

दुसरी फसगत टाकणखाराच्या लाहीची. औषधासाठी तव्यावर फुलवलेला टाकणखार काही दुकानदार न सांगता देतात. कच्च्या टाकणखाराच्या वजनात साधारण ४७ टक्के पाणीच असतं, ते भाजताना उडून जातं. म्हणजे वजनाला वजन लाही जवळजवळ दुप्पट तीव्र. पण ती फुगलेली असल्यामुळे चमच्यात किती मावेल त्याचा नेम नाही. चमच्याचं माप तिथे निरुपयोगी ठरतं. "कच्चा द्या, लाही नको" असं स्पष्ट सांगा.

तिसरी टाकणखाराऐवजी घेतलेल्या कॅरमच्या पावडरीची. ती बऱ्याचदा बोरिक पावडर असते, काही पाकिटांत मात्र नुसता स्टार्च असतो. बोरिक ॲसिडने एकट्याने गोंद आवळत नाही, कारण सांधे जुळायला पाणी अल्कधर्मी लागतं. त्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की काम होतं. खायचाच सोडा. बेकिंग पावडर नाही आणि पोटासाठीचं फसफसणारं चूर्ण तर नाहीच, त्या दोन्हींत आम्ल असतं. कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याची कृती करणाऱ्यांनीही सोडा विसरू नये आणि बाटलीवर बोरिक ॲसिड किंवा सोडियम बोरेट लिहिलंय का ते वाचावं. अमेरिकन व्हिडिओंत कपड्यांचं लिक्विड ओततात, कारण तिथल्या काही लिक्विडांत बोरेट असतं. आपल्याकडच्या बाटल्यांवर मला ते लिहिलेलं दिसलं नाही. तो प्रयोग करून गोंद घालवू नका.

टाकणखाराचं पाणी मापाने केलं असेल तर ठीक. पण काही जण कढत पाण्यात चमच्यावर चमचे विरघळवून वर्षभराची बाटली भरून ठेवतात. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात टाकणखार साधारण ५ ग्रॅमच राहतो, त्यापेक्षा जास्तीचा गार झाल्यावर तळाला खड्यांच्या रूपात बसतो. डिसेंबरच्या थंडीत तर आणखी. मग वरचं पाणी एका तीव्रतेचं, हलवल्यावर दुसऱ्याच. ताजं करा, उरलेलं ठेवू नका.

सहावा उपाय: रबर झालेलं सैल करणं

चिकटपणापेक्षा हे अवघड. गोळ्याचे तुकडे करून वाटीभर गरम, पण हात घालता येईल अशा, पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि मळा. थोडं पाणी आत जातं, थोडं बोरेट बाहेर येतं. फरक पडला नाही तर चमचाभर गोंद तितक्याच पाण्यात पातळ करून त्यात मळा. ग्लिसरीनचे दोन-तीन थेंबही चालतात, कारण ग्लिसरीन बोरेटला स्वतःकडे ओढून घेतं. म्हणूनच जास्त झालं तर सगळं वितळतं. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस काडीने टोचण्यापुरताच: आम्लाने सांधे उकलतात आणि थेंबभर जास्त पडला की तुम्ही परत चिकट लगद्याशी. शेव्हिंग फोम घालून केलेलं फुगीर स्लाइम दुसऱ्या दिवशी बसणारच. फेस किती टिकणार?

एवढं करूनही जमलं नाही तर सोडून द्या. गोंदाची बाटली स्वस्त आहे. तासभर दुरुस्ती करत बसलं की टाकणखाराचं पाणी मात्र वाढत जातं. बुरशीचे ठिपके दिसले, वास आला किंवा रंग काळपट झाला तर दुरुस्ती नाहीच, टाकून द्या.

टाकणखाराचं पाणी कमी का, त्याचा हिशोब

टाकणखारात वजनाच्या साधारण ११ टक्के बोरॉन असतो. वरच्या मापाने केलेल्या गोळ्यात तो किलोमागे अंदाजे ४०० ते ६०० मिलिग्रॅम येतो. युरोपात चिकट आणि पातळ खेळण्यांतून झिरपणाऱ्या बोरॉनची मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. तिकडे बोरॅक्सची नोंद प्रजननक्षमतेला घातक रसायनांत केलेली आहे. आपल्या गोळ्यातला बोरॉन विरघळणाराच असल्यामुळे त्या मापाने घरचं स्लाइम नापासच होईल. आपल्याकडे याच घराण्यातली बोरिक पावडर कणकेत मळून झुरळांसाठी गोळ्या करतात, हेही आठवावं. घाबरून जायचं कारण नाही, पण नियम पक्के हवेत.

पूड मोजणं आणि विरघळवणं मोठ्यांनीच करायचं. भांडी-चमचे स्वयंपाकाचे नकोत. हाताला जखम, खरूज किंवा इसब असलेल्या मुलाने स्लाइम हातात घेऊ नये. खेळून झालं की साबणाने हात धुवायचे, मगच खाऊ. तोंडात वस्तू घालणारी मुलं जवळपास असतील तर हे स्लाइम नकोच. तळहात टाकणखाराच्या पाण्यात बुडवायचे नाहीत, ते याच कारणासाठी.

इथे स्वतः प्रयोग थांबवा

मुलाने टाकणखार, त्याचं पाणी किंवा स्लाइम गिळलं तर इंटरनेट बघत बसू नका. तोंड पुसून काढा, उलटी करवू नका आणि पुडी किंवा बाटली बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा. मूल सुस्त वाटलं, उलट्या-जुलाब सुरू झाले तर १०८ ला फोन करा. डोळ्यात गेलं तर वाहत्या साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. त्यानंतरही लाली किंवा आग राहिली तर नेत्रतज्ज्ञ. हातावर पुरळ उठलं तर खेळ बंद. दोन दिवसांत गेलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्लाइमबद्दल आपणहून सांगा, नाहीतर ते साबण बदलायला सांगतील.

स्लाइम बेसिनमध्ये सोडू नका. गेलंच तर कपभर कोमट व्हिनेगर ओता, अर्धा तास थांबा, मग गरम पाणी. त्यावर नळी साफ करायची पावडर किंवा ब्लीच टाकू नका. पावडरीतल्या कॉस्टिकने पाणी उकळून अंगावर उडू शकतं आणि ब्लीच व्हिनेगरशी मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. बेसिनखालचा ट्रॅप हाताने फिरवून उघडता आला तर तो साफ करा. पाणी तरीही तुंबलं तर प्लंबर.

सुती कपड्यावरचं आधी खरवडून काढा, व्हिनेगर लावून दहा मिनिटं ठेवा आणि धुवा. केसांतलंही तसंच, डोळे जपून. पैठणीवर किंवा कुठल्याही रेशमी कापडावर काही लावू नका, ड्रायक्लीनरकडे द्या आणि काय सांडलंय ते सांगा. जुन्या घरात शहाबादी फरशीवर सांडलं तर व्हिनेगर अजिबात नको. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, आम्लाने त्याची चकाकी जाते. संगमरवराचंही तेच. तिथे वाळू द्या आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.

धाकट्यांसाठी

ताई-दादा स्लाइम खेळतात आणि तीन वर्षांचं शेंडेफळ रडतं, हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. त्याच्यासाठी टाकणखाराशिवाय इसबगोलाचं करा. एक कप पाण्यात एक चमचा इसबगोल, खायच्या रंगाचा थेंब, मंद आचेवर सतत ढवळत पाच-सात मिनिटं. चमच्यावरून जाड थराने घसरायला लागलं की उतरवा आणि पूर्ण गार होऊ द्या. आतून बराच वेळ कढत राहतं, वरून कळत नाही. ताण कमी असतो, पण लिबलिबीत गोळा होतो आणि हाताला फारसा चिकटत नाही. कोरडा इसबगोल मुलाच्या हाती देऊ नका, तोंडात फुगून घशात अडकू शकतो. झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, मग ओल्या कचऱ्यात. गोंदाचं स्लाइम मात्र कागदावर पसरून पूर्ण वाळवा आणि सुक्या कचऱ्यात द्या.